खाणीत माणूस कशाने दगावतो?

प्रश्न : आमचे गाव पुण्याजवळच्या दगडखाणींच्या पट्ट्यात आहे. दुपारी भोंगा वाजतो, मग बार उडतात आणि खिडक्यांची तावदाने थरथरतात. एवढे सुरुंग उडूनही तिथली माणसे बहुधा सुखरूप असतात. पण अधूनमधून ऐकू येते की अमक्याच्या अंगावर दरड आली, तमका डंपरखाली गेला. मग खाणीत माणूस नेमका कशाने दगावतो? सगळ्यांना हेल्मेट दिले तर हे थांबेल का?
– एक वाचक, हवेली तालुका

उत्तर : तुमच्या निरीक्षणातच निम्मे उत्तर आहे. बार उडण्याचा क्षण सगळ्यांनाच धोक्याचा वाटतो, म्हणून त्या क्षणी सगळे सावध असतात. भोंगा होतो, माणसे लांब जातात, रस्त्यावर लाल झेंडा घेऊन कोणीतरी उभा राहतो. खरा धोका सुरू होतो तो धूळ बसल्यावर. फुटलेला माल भरायला माणसे आणि पोकलेन भिंतीच्या पायथ्याशी येतात, तेव्हा समोरचा दगड पडून गेलेला असतो, पण त्याच्या मागचा आणि वरचा दगड आतून हादरलेला असतो. त्याच्या भेगा उघडलेल्या असतात. तो लगेच पडेलच असे नाही. दुपारच्या जेवणाला माणसे सावलीसाठी भिंतीला टेकून बसतात तेव्हा पडेल, नाहीतर रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी पडेल.

आपल्याकडचा काळा दगड इतका टणक, की तो आपणहून कोसळेल हे पटत नाही. दगड टणक आहे हे खरेच. पण भिंत म्हणजे अखंड दगड नव्हे. दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या, भुसभुशीत मातीचा पट्टा असतो. घाटातून जाताना कापलेल्या डोंगरात काळ्या दगडाच्या मधोमध विटकरी रेघ दिसते, तोच हा पट्टा. पावसाचे पाणी उभ्या भेगांतून खाली उतरते आणि या पट्ट्यापाशी अडते. माती भिजून निसरडी होते, आणि तिच्यावर उभा असलेला शेकडो टनांचा दगड पुढे सरकायला मोकळा होतो. त्यात कोणी पट्ट्याखालचा दगड आधी काढून वरचा भाग लटकता ठेवला असेल, तर पाऊससुद्धा लागत नाही. मिझोराममध्ये ऐझॉलजवळ मेल्थुम इथली दगडखाण 28 मे 2024 रोजी रेमाल चक्रीवादळाच्या पावसात कोसळली आणि तिने खालच्या वस्तीतली माणसे नेली. तिथला खडक आपल्याहून वेगळा आहे, पण कापलेल्या उतारात पाणी शिरले की काय होते ते दोन्हीकडे सारखेच.

यावरचा उपाय कोणालाही समजेल इतका साधा आहे : भिंत सरळ उभी कापायची नाही, पायऱ्या ठेवत खाली जायचे. 1961 च्या धातुमय खाणींच्या नियमावलीने कठीण खडकातही एका पायरीची उंची 6 मीटरच्या वर जाऊ देऊ नये असे सांगितले आहे. माती आणि मुरुमात तर ती दीड मीटरच. काठापासून 3 मीटरच्या आत सुटा दगड, झाड किंवा राडारोडा ठेवायचा नाही. भिंत खालून पोखरायची नाही. पायऱ्या असल्या की वरून सुटलेला दगड पहिल्याच पायरीवर अडतो, आणि दरड आली तरी ती एका पायरीपुरती येते.

मग पायऱ्या का दिसत नाहीत? इथे थोडे गणित करू, कारण माझ्या मते खाणीतल्या बहुतेक मरणांचे मूळ या गणितात आहे. समजा खाणपट्टा एक हेक्टरचा, म्हणजे 100 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद आहे, आणि खाली 24 मीटर जायचे आहे. सरळ कापत गेले तर 2,40,000 घनमीटर दगड निघतो. 6 मीटर उंच आणि 6 मीटर रुंद अशा पायऱ्या चारही बाजूंनी ठेवल्या तर तळ 64 मीटर गुणिले 64 मीटर एवढाच उरतो आणि निघतो 1,65,696 घनमीटर दगड. जवळजवळ 31 टक्के माल पायऱ्यांच्या रूपाने जागेवर राहिला. ब्रासच्या हिशेबात तो 26 हजारांवर जातो. पायरी ठेवणे म्हणजे विकता येईल असा एवढा दगड सोडून देणे. ज्याने पट्टा घेतला, ज्याच्यावर यंत्रांचे हप्ते आहेत, त्याला तो सोडवत नाही. भिंत सरळ होत जाते, आणि सोडून न दिलेल्या त्या दगडाची किंमत खाली उभा असलेला माणूस भरतो. म्हणून अशा अपघाताला कोणी दैवी आपत्ती म्हटले की मला राग येतो. ती भिंत कोणीतरी तशी कापलेली असते.

आता हेल्मेट. ते हवेच, आणि वरून खडीचा तुकडा आला तर ते डोके वाचवते. पण 20 मीटरवरून सुटलेला दगड खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या आसपास असतो, आणि पोचायला त्याला दोनच सेकंद लागतात. एक फूट लांब-रुंद-उंच बेसॉल्टच्या ठोकळ्याचे वजन 80 किलोच्या घरात भरते. त्यापुढे कसलेही हेल्मेट कमी पडते. टोपी, बूट, पट्टा ही शेवटची फळी आहे. तिच्या आधी पायऱ्या, त्याआधी सुटे दगड वरून खाली पहारीने पाडून घेणे, आणि ते पाडणाऱ्याच्या कमरेला दोर, हे सगळे यायला हवे. ज्या खाणीत हेल्मेटे चकचकीत आणि भिंत सरळ उभी, तिथे सुरक्षा फोटोपुरती आहे असे समजावे.

सुरुंगाच्या कामातही माणसे जातात, पण बहुधा दोन विशिष्ट वाटांनी. पहिली वाट उडालेल्या दगडाची. भोक भिंतीच्या फार जवळ पडले, वरचे तोंड नीट ठासून बंद केले नाही, किंवा आत एखादी मोठी भेग निघाली, की स्फोटाचा जोर दगड फोडण्याऐवजी दगड फेकण्यात जातो. नियमावलीने धोक्याचे क्षेत्र 300 मीटरचे धरले आहे ते यासाठी. वस्ती जवळ असेल तर बारावर लोखंडी जाळी आणि वाळूची पोती टाकतात. पडलेला मोठा धोंडा पुन्हा सुरुंग लावून फोडणे विशेष वाईट, कारण त्याचे तुकडे कुठल्याही दिशेला जातात. ते काम आता यंत्राच्या ब्रेकरने होते आणि त्यानेच व्हायला हवे.

दुसरी वाट न उडालेल्या बाराची. दहा भोके भरली, नऊ उडाली, मोजणारा चुकला. दुसऱ्या दिवशी कोणी त्याच भोकात पुन्हा ड्रिल घातले, किंवा पोकलेनचा दात आतल्या डिटोनेटरला लागला, की संपले. म्हणून बार उडताना आवाज मोजायचे, शंका आली तर ठरलेला वेळ कोणी पुढे जायचे नाही, आणि फसलेल्या भोकातली कांडी उपसायला कधीही जायचे नाही. योग्य अंतरावर समांतर दुसरे भोक पाडून ते उडवायचे. हे काम परवाना असलेल्या ब्लास्टरचे आहे. चार वर्षे बघून शिकलेल्या पोराचे नव्हे. स्फोटकांचा साठा, वाहतूक आणि परवाने यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. यातली हयगय किती महागात पडते ते 21 जानेवारी 2021 च्या रात्री शिवमोग्ग्याजवळच्या हुणसोडूला दिसले. खाणीसाठी आणलेली स्फोटके गाडीतच उडाली.

गाड्यांचे अपघात मात्र बातमीत कमी आणि खाणीत जास्त. मागे येणाऱ्या डंपरच्या चालकाला पाठीमागचे माणूस दिसत नाही. उतारावरच्या रस्त्याच्या कडेला मातीचा बांध नसतो, आणि माल ओतायला मागे घेतलेली गाडी थेट खाली जाते. बांध मोठ्यात मोठ्या गाडीचे चाक अडवील एवढा उंच हवा, मागे घेताना वाजणारा हॉर्न चालू हवा, आणि गाड्यांची वाट माणसांच्या वाटेपासून वेगळी हवी. याला मोठा खर्च लागत नाही. लागतो तो वेळ, आणि जिथे चालकाला खेपेवर पैसे मिळतात आणि मजुराला ब्रासवर, तिथे प्रत्येक थांबलेले मिनिट त्याच्या खिशातून जाते. खेपेची मजुरी हेही अपघाताचे एक कारण आहे, आणि माझ्या मते ते चौकशीच्या कागदावर यायला हवे.

क्रशरवर हात आणि कपडे जातात. जबड्यात दगड अडकला की यंत्र बंद करून कोणीतरी पहार घेऊन वर चढतो, आणि खाली दुसरा कोणी बटण दाबतो. पट्ट्याच्या रोलरवरची जाळी दुरुस्तीसाठी काढलेली परत बसत नाही, आणि साडीचा पदर किंवा गळ्यातला गमछा त्यात ओढला जातो. यंत्रात उतरणाऱ्याने मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, एवढ्या एका सवयीने ही मरणे टळतात. घणाने दगड फोडणाऱ्यांची दुखापत वेगळी : बोटांची टोके आणि डोळे. वडार समाजातल्या कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले, आणि एका डोळ्याने अधू झालेली म्हातारी माणसे त्या वस्त्यांत भेटतात. काचेचा चष्मा घामाने धूसर होतो म्हणून माणसे तो काढून टाकतात. त्यांच्यासाठी बारीक तारेच्या जाळीचा चष्मा असतो, तो द्यावा.

आणि धूळ. ती एका दिवसात मारत नाही, म्हणून तुमच्या यादीत ती आली नाही. दगडात मुक्त सिलिका किती, यावर तिचा विषारीपणा ठरतो. राजस्थानातल्या वालुकाश्मात ती फार असते, म्हणून तिथल्या खाणींत सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाने गावेच्या गावे पोखरली. त्या सरकारने 2019 मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आणले : निदान झाल्यावर 3 लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख. आपल्या बेसॉल्टमध्ये मुक्त सिलिका बरीच कमी, त्यामुळे धोका तेवढा नाही. पण पोकळ्यांमध्ये गारगोटी आणि अकीक असलेला बेसॉल्ट आपल्याकडे आहेच, आणि कुठलीही बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की खोकला आणि दम मागे लागतोच. फुप्फुसात खोल जाणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. धूळ उडण्याआधीच मारावी लागते : ड्रिलच्या टोकाशी पाणी, क्रशरवर फवारे, पट्ट्यांवर झाकण. खाणीतल्या माणसाला टीबीची औषधे चालू असूनही उतार पडत नसेल, तर तो काय काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

हे सगळे बघायचे कोणी? इथे घोळ आहे, आणि तो समजून घेतलात तर तुमची तक्रार योग्य टेबलावर जाईल. दगड हे गौण खनिज, म्हणून पट्टा आणि रॉयल्टी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. धुळीचे प्रदूषण राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे. पण आत काम करणाऱ्यांची सुरक्षा हा केंद्राचा विषय. तो खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, ज्याचे मुख्यालय झारखंडात धनबादला आहे. छोट्या खाणवाल्यांचा आवडता युक्तिवाद असा, की आमची खाण लहान, आम्हाला तो कायदा लागत नाही. 1952 च्या खाण कायद्यातली सूट तीन अटी एकदम पाळल्या तरच मिळत असे : खोली कुठेही 6 मीटरच्या वर नाही, माणसे कुठल्याही दिवशी 50 च्या वर नाहीत, आणि स्फोटके मुळीच नाहीत. तुमच्या तावदानांची थरथर पुरावा देते, की ती खाण या सुटीत बसत नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो कायदा तिच्यात विलीन झाला. मालकाची जबाबदारी मात्र संपलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे 1983 मध्येच लिहून ठेवले आहे. बंधुआ मुक्ती मोर्चाने फरिदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांबद्दल पाठवलेले पत्र न्यायालयाने याचिका म्हणून घेतले, आणि न्यायमूर्ती भगवतींच्या निकालात प्यायच्या पाण्यापासून धुळीपर्यंत तपशीलवार आदेश दिले. त्यात एक असा, की बार उडवणारा प्रत्येक जण प्रशिक्षित हवा, प्रथमोपचार शिकलेला हवा आणि कामावर त्याच्याजवळ प्रथमोपचाराची पेटी हवी. तुमच्या गावच्या खाणीत ती पेटी कुणाकडे असते, हे सहज विचारून बघा.

अपघात झालाच, तर पहिल्या दोन दिवसांत मुकादम घरी येतो आणि काही रोख रक्कम देऊन प्रकरण मिटवायला बघतो. घरातली माणसे परप्रांतातली, दुःखात बुडालेली. ती अंगठा देतात. त्यांच्या शेजाऱ्याला निदान पुढचे माहीत असावे. जागा उगाच हलवू द्यायची नाही. जखमींना काढणे आणि पुढचा धोका टाळणे एवढेच करायचे. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि हजेरीचा कुठलाही पुरावा, अगदी फोनवर आलेला मजुरीचा मेसेजसुद्धा, जपून ठेवायचा. मृत्यूची भरपाई 1923 च्या कायद्याने मालकाला परस्पर वारसांच्या हातात देता येत नसे. ती आयुक्तांकडे जमा करावी लागे, आणि भरपाईचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल ठरे. हा सांगाडा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. रक्कम किती? मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. 2020 च्या अधिसूचनेतली वेतनाची 15,000 रुपयांची मर्यादा धरली, तर 30 वर्षांच्या माणसासाठी 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. मुकादमाच्या पाकिटाशी हा आकडा ताडून पाहावा. ‘त्याचीच चूक होती, हेल्मेट काढले होते’ हे वाक्य मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या दाव्यात मालकाला वाचवू शकत नाही. मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाकडे दावा करता येतो. मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते, पण थांबू नये.

प्रश्न : बंद पडलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचते. दरवर्षी तिथे कोणीतरी बुडते, आणि तेही पोहता येणारी मुले. असे का?
– एक शिक्षिका, पिंपरी-चिंचवड परिसर

उत्तर : बाई, कारण तेच, सरळ कापलेली भिंत. तळ्याला उथळ काठ असतो, विहिरीला पायऱ्या असतात. खाणीच्या डोहाला यातले काहीच नसते. पहिल्या पावलालाच पाणी डोक्यावर जाते. वरचे हातभर पाणी उन्हाने कोमट असते आणि खाली एकदम गार. उडी मारलेल्या मुलाचा गार पाण्यात दम कोंडतो, तोंडातून अनावर श्वास घेतला जातो आणि पाणी आत जाते. पाण्याखाली जुन्या कापणीचे कठडे, राहिलेले धोंडे आणि टाकलेले तारेचे दोर असतात, आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. पोहता येणाराही बाहेर येण्यासाठी हात टाकतो तेव्हा शेवाळलेला उभा दगड हाती येतो. दमून बुडतो तो काठाला हात लागल्यावर.

खाणकाम संपले तरी काठावर कुंपण घालण्याची जबाबदारी संपत नाही. तुमच्या शाळेच्या परिसरात असा डोह असेल, तर पालकसभेचा ठराव करून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेला आणि महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पाठवा. ठरावासोबत फोटो आणि गट क्रमांक जोडा. कपडे धुवायला जाणाऱ्या बायकांसाठी नळ मागा, कारण दुसरे पाणी नसेल तर कुंपण आठवड्यात तुटते.

मुलांना मात्र आजच एक गोष्ट शिकवा. कोणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी घ्यायची नाही. एकाला वाचवायला गेलेला दुसरा आणि त्याच्यामागून तिसरा, अशीच भावंडे एकत्र जातात. काठावर पालथे पडून ओढणी, दोर, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे मिळेल ते त्याच्याकडे टाकायचे आणि मोठ्याने ओरडून माणसे गोळा करायची. मदतीचा फोन 112. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला सुरुवात करायची. हे मुलांना आणि शिक्षकांना करून दाखवणारे प्रशिक्षण अग्निशमन दलाकडे मागता येते. पावसाळ्याआधीच्या महिन्यात ते शाळेत ठेवा.